काळ्या पाषाणापलीकडचा महाराष्ट्र

गोंदियाहून पूर्वेला निघालेली पॅसेंजर गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा, बोरतलाव अशी स्थानकं घेत डोंगरगडला पोहोचते. डब्यात बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघालेले भाविक असतात, बाजाराचं गाठोडं घेतलेल्या बाया असतात, कामासाठी दुर्ग-भिलाईकडे चाललेली पोरं असतात. बोलणं मराठीत सुरू होतं, पोवारी आणि गोंडीतून वळसे घेतं आणि बोगदा ओलांडेपर्यंत छत्तीसगडी झालेलं असतं. या सगळ्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातली तीन नावं भूविज्ञानाच्या पुस्तकांत कायमची कोरली गेली आहेत: आमगाव, बोरतलाव आणि डोंगरगड. भारताच्या प्राचीन खडकांचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ‘आमगाव नीस’, ‘बोरतलाव शैलसमूह’ आणि ‘डोंगरगड ग्रॅनाइट’ ही नावं शिकावीच लागतात.

या तिघांच्या मधोमध दरेकसा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याचं, महाराष्ट्राच्या हद्दीतलं या मार्गावरचं शेवटचं स्थानक. मुंबईहून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. घड्याळ दोन्हीकडे एकच असलं, तरी दरेकशाला सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. ज्या रेखांशावरून भारताची प्रमाणवेळ ठरते, तो साडेब्याऐंशी अंशांचा रेखांश इथून जेमतेम दोन अंश पूर्वेला आहे.

महाराष्ट्राचा भूगोल शाळेत शिकवला जातो तेव्हा चित्र बहुधा एकच उभं राहतं. पश्चिमेला समुद्र, मग सह्याद्रीची भिंत, तिच्यामागे काळ्या पाषाणाचं पठार आणि त्यावरची काळी कापसाची जमीन. राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागापुरतं ते खरंच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि दख्खनचं पठार घडलं. पण नागपूर मागे टाकून पूर्वेला जाऊ लागलं की तो काळा थर विरतो आणि खालचा जुना भारत उघडा पडतो. दरेकशाच्या टेकड्यांतले ग्रॅनाइट आणि रायोलाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे आहेत, म्हणजे सह्याद्रीच्या पाषाणाहून चाळीसपटींच्या आसपास जुने. आमगावचा नीस त्याहूनही आधीचा मानला जातो. त्या काळात पृथ्वीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, पाठीचा कणा असलेला एकही प्राणी नव्हता.

द्वीपकल्पीय भारत अशा काही कठीण गाभ्यांच्या जुळणीतून बनला आहे. धारवाड, सिंगभूम, बुंदेलखंड, अरवली आणि बस्तर हे ते प्रमुख गाभे. दरेकसा बस्तरच्या गाभ्यावर बसलेलं आहे. १९५० च्या दशकात भूवैज्ञानिक एस. एन. सरकार यांनी या पट्ट्यातल्या खडकांचा क्रम मांडला. तळाशी नीस, त्यावर ज्वालामुखीतून आलेले रायोलाइट, त्यांच्यात घुसून थिजलेलं ग्रॅनाइट आणि सर्वांत वर जुन्या खोलगट भागांत साचून घट्ट झालेले वालुकाश्म. बोरतलावचं नाव या वालुकाश्मांना मिळालं. रायोलाइटचा एखादा ताजा फुटलेला तुकडा हातात घेतला तर तांबूस-तपकिरी अंगात फेल्डस्पारचे फिकट स्फटिक ठिपक्यांसारखे दिसतात. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाशी त्याचं काही साम्य नाही. ज्वालामुखी दोन्हीकडे होते, पण इथल्या लाव्हात सिलिका भरपूर होती. तो दाट होता, दूरवर वाहत गेला नाही.

याच प्राचीन पट्ट्यात मौल्यवान धातूही आहेत. उत्तरेला बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड हे देशातल्या तांब्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतलं मँगनीज चिखला, डोंगरी बुजुर्ग, भरवेली अशा खाणींतून निघतं. दक्षिण-पूर्वेला दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. दरेकसा या सगळ्यांच्या मधल्या वाटेवर आहे. हावडा-मुंबई मार्गावरून अहोरात्र जाणाऱ्या मालगाड्यांमध्ये कोळसा, पोलाद आणि खनिजं असतात. ती दरेकशाला थांबत नाहीत.

ही वाट इंग्रजी अमलात आखली गेली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी मीटरगेजने राजनांदगावपर्यंत गेली. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढणं हा तिचा मोठा हेतू होता. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. दरेकशाच्या टेकड्यांनी तेव्हा अभियंत्यांना बोगदा खणायला लावला.

या टेकड्यांचं दुसरं काम पाणी वाटण्याचं. अलीकडचं पाणी वाघ नदीला मिळतं. वाघ महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या सीमेवरून वाहत वैनगंगेला भेटते. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. डोंगरगड ओलांडून पलीकडे गेलं की पाणी शिवनाथ नदीकडे वळतं, आणि शिवनाथ महानदीची. म्हणजे रेल्वेच्या दीड-दोन तासांच्या प्रवासात माणूस गोदावरीच्या खोऱ्यातून महानदीच्या खोऱ्यात पोहोचतो. एका बाजूचं पाणी आंध्रच्या किनाऱ्याला लागतं, दुसऱ्या बाजूचं ओडिशाच्या.

आणि पाऊसही पूर्वेचाच. महाराष्ट्राच्या पावसाची गोष्ट सह्याद्रीपाशी सुरू होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेत तहानलेला राहतो. मराठवाडा, पश्चिम विदर्भ असं पुढे जात राहिलं की पाऊस पुन्हा वाढू लागतो आणि गोंदियात तो वर्षाला बाराशे-चौदाशे मिलीमीटरपर्यंत जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथवर येईपर्यंत बरेच रिते झालेले असतात. इथली भिस्त बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर असते. ते ओडिशाचा किनारा ओलांडतात, छत्तीसगडवरून वायव्येला सरकतात आणि दोन-तीन दिवस झड लावून जातात. त्यामुळे मुंबईत पाऊस कोसळतोय म्हणून सालेकशाच्या शेतकऱ्याने रोवणीची तयारी करावी, असं होत नाही. त्याची नजर पुरी आणि गोपाळपूरकडे असायला हवी.

हे पट्टे एकामागोमाग आले की पूर येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, सिवनीच्या संजय सरोवरातून पाणी सोडावं लागलं आणि वैनगंगेने गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं वेढली. पाऊस एका राज्यात, पूर दुसऱ्या राज्यात. मध्ये गरज होती ती वेळेवर पोहोचणाऱ्या निरोपाची.

समुद्र दोन्हीकडून दूर असल्याने हवामान टोकाचं. मे महिन्यात, विशेषतः नवतपात, पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात उत्तरेचे कोरडे वारे सुटले की विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियाच्या नावावर लागतं आणि सात-आठ अंशांवर उतरतं. अशा रात्री धानाच्या पुंजण्यांजवळ राखणीला बसणाऱ्याला शेकोटीशिवाय भागत नाही.

आता प्रश्न येतो तो असा, की इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची टंचाई का असावी? उत्तर पुन्हा त्याच अडीचशे कोटी वर्षांच्या खडकात आहे. ग्रॅनाइट आणि नीस आतून घट्ट असतात. पाणी मुरतं ते वरच्या कुजलेल्या, मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत. भेग लागली तर विहिरीला पाणी, नाही तर खोल खणूनही कोरडं. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या माणसांनी हे कित्येक शतकांपूर्वी ओळखलं आणि जमिनीखालच्या पाण्यामागे न धावता जमिनीवरचं पाणी अडवलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. देशाच्या जलव्यवस्थापनाच्या इतिहासात या तलावांना जेवढं स्थान मिळायला हवं होतं, तेवढं अजून मिळालेलं नाही.

तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाज अग्रभागी होता. चांद्याच्या गोंड राजांनी एक शहाणा नियम केला होता: जो तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन साऱ्याविना मिळेल. या जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचं नाव आजही तुकूम आहे. नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानलं जातं. डोंगरांच्या कुशीतली मोकळी फट हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची आणि डोंगरांनाच भिंती करायचं, ही त्यामागची दृष्टी. जादा पाणी वाहून जायला सलंग, शेताला पाणी सोडायला तुडूम आणि तिथून निघालेली नहर. एका तलावाचं वाहून गेलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून लहानशा बोडीत, बोडीतून धानाच्या बांधीत. उतारावरचा प्रत्येक थेंब तीन-चारदा कामाला यायचा.

१९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जाणं न्याय्यच होतं. पण पाळीची डागडुजी कुणी करायची, गाळ कुणी काढायचा, कुणाच्या शेताला पाणी आधी, हे ठरवणारी गावची व्यवस्थाही त्याबरोबर मोडली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, लहान जिल्हा परिषदेकडे. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काठ शेतात ओढले गेले, बेशरमची झुडपं माजली. ढिवर समाजाचा पोटापाण्याचा आधार असलेले स्थानिक मासे कमी झाले. पैशाअभावी झालेल्या हानीपेक्षा मालकी हरवल्याने झालेली हानी मोठी आहे. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्री-पुरुषांबरोबर वेगळा मार्ग धरला. त्यांनी नुसता गाळ काढला नाही; कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला लागते हे जुन्या जाणत्यांकडून समजून घेतलं, बेशरम उपटली आणि स्थानिक पाणवनस्पती तलावात पुन्हा लावल्या. मासे परतले, पक्षीही परतले. यंत्राने खणलेला खड्डा आणि जिवंत तलाव यातला फरक या कामाने दाखवून दिला.

तलावांखाली धान. इथल्या शेतकऱ्याकडे जमिनीची स्वतःची वर्गवारी आहे: काळसर कन्हार, मिश्र मोरांड, पिवळसर रेताड सिहार, दगडाळ बरडी. कापसाच्या काळ्या जमिनीचा मुलूख मागे राहिला, हे या नावांवरूनच उमगतं. जूनमध्ये रोपांसाठी परहे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये चिखलणी करून रोवणी, बांधीच्या धुऱ्यावर तूर. धान निघण्याआधी ओलाव्यात लाखोळी नुसती फेकून दिली तरी उगवते. हलका धान दिवाळीच्या आसपास घरात येतो. भारी धानाला शेवटचं एक पाणी हवं असतं, आणि हस्त नक्षत्र कोरडं गेलं की तलावाच्या तुडुमावर गर्दी होते.

देशभर नावाजलेला एचएमटी तांदूळ याच झाडीपट्टीतला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून तो वाण घडवला. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या वाणाचा भात रोज लाखो घरांत शिजतो, आणि तो कुणी दिला हे खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

धानाच्या याच बांधीत पावसाळ्यात सारस घरटं करतो. महाराष्ट्रात हा माणसाच्या उंचीचा पक्षी आता प्रामुख्याने गोंदिया आणि लगतच्या पट्ट्यात, तोही मोजक्या संख्येने उरला आहे. घरट्यासाठी धानाचा एखादा तुकडा राखून ठेवणारे शेतकरी इथे आहेत, आणि सारस टिकलाय तो त्यांच्यामुळेच.

दरेकशाच्या आसपास मात्र बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं. गोंदिया जिल्ह्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग वनाच्छादित आहे. राज्याची सरासरी सतरा टक्क्यांच्याही खाली. सागवान, ऐन, बीजा, मोह, तेंदू, चार, पळस. हाजरा फॉल हा धबधबा दरेकसा स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि पावसाळ्यात तिथे सुट्टीच्या दिवशी नागपूर-रायपूरपर्यंतची माणसं येतात. पण जंगलावर खरं घर चालतं ते मार्च ते मे या तीन महिन्यांत.

आधी मोह. पहाटे झाडाखाली पडलेली रसरशीत फुलं उन्हाआधी वेचायची असतात. मग तेंदू. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची बेलकटाई केली की एप्रिलअखेर कोवळी, लवचीक पानं फुटतात. कुटुंबं अंधारात घर सोडतात. दहा-अकरा वाजेपर्यंत पानं तोडून परत. दुपारभर सावलीत बसून एकसारखी पानं लावायची, सत्तर पानांचा एक पुडा, झाडाच्या सालीच्या धाग्याने बांधलेला. संध्याकाळी संकलन केंद्रावर पुडे मोजून उन्हात मांडायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पानं नीट वाळली की पाणी शिंपडून नरम करायची आणि बोद भरायचे. एक अवकाळी पाऊस आला तर मांडलेला सगळा माल काळा पडतो. या चार-सहा आठवड्यांच्या मजुरीवर पावसाळ्याचं बी-बियाणं, शाळेची वह्या-पुस्तकं आणि जुनं देणं अवलंबून असतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजावर हक्क दिला आणि पूर्व विदर्भात अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. इथे गोंदियाची एक विशेष अडचण आहे. राज्यातले तेरा जिल्हे पूर्णतः वा अंशतः घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. गोंदिया त्यात नाही. सालेकसा आणि देवरीत गोंड, हलबा यांची इतकी गावं असूनही अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याचे अधिकार इथे पोहोचत नाहीत. शेजारच्या गडचिरोलीत जे ग्रामसभेला मिळतं, त्यासाठी इथल्या ग्रामसभेला फक्त वनहक्क कायद्यावर विसंबावं लागतं. या गावांवर हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त करण्यासारखा आहे.

दरेकशापासून जवळच कचारगडची गुहा आहे. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी ते जोडलेलं आहे. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, झारखंडमधून लोक येतात. सालेकसा-दरेकसा स्थानकं त्या दिवसांत पिवळ्या पागोट्यांनी आणि सप्तरंगी झेंड्यांनी फुलून जातात. कोया पुनेम या गोंडांच्या धर्मपरंपरेत प्रत्येक कुळाकडे एक झाड, एक पशू आणि एक पक्षी राखायला दिलेला असतो. त्या कुळाने त्याला इजा करायची नाही. कुळं साडेसातशे मानतात. म्हणजे जंगलातल्या दोन हजारांहून जास्त जीवजातींना कुणी ना कुणी राखणदार नेमलेला. मोठ्या शहरांतल्या वाचकांना मात्र गेल्या काही दशकांत दरेकसा हे नाव कळलं ते बातम्यांतल्या ‘दरेकसा दलम’मुळे. तीन राज्यांच्या सीमेवरची ही झाडी नक्षलवाद्यांच्या वावरासाठी ओळखली गेली, आणि कचारगड, तलाव, तेंदू, खडक, सगळं त्या एका ओळखीखाली झाकलं गेलं.

जनावरांना राज्यांच्या सीमा नसतात. २०२१ मध्ये रानहत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला आणि पुढच्या वर्षी गोंदियातल्या अर्जुनी मोरगावपर्यंत पोहोचला. महाराष्ट्राच्या या भागातल्या हयात पिढीने रानहत्ती पाहिलेले नव्हते. धानाची नासाडी झाली, घरं मोडली, माणसंही दगावली. हत्तींना मात्र ही जंगलं पूर्वेच्या जंगलांना जोडलेलीच वाटतात, आणि ती तशी आहेतही. उत्तरेला कान्हा आणि इकडे २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प यांच्यामधली वाघांची ये-जा याच तुटक वनपट्ट्यांतून होते.

आता त्याच पट्ट्यात नवा रूळ येतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-डोंगरगड ८४ किलोमीटरच्या चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. देशाच्या मालवाहतुकीला तो हवा आहे, यात शंका नाही. पण दोन रूळ ओलांडणाऱ्या चितळाला किंवा अस्वलाला चार रूळ ओलांडणं कितीतरी अवघड जातं. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून त्याखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या गेल्या. त्यासाठी न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. आज त्या वाटांनी वाघ जातात, रानकुत्री जातात, हे कॅमेऱ्यांनी टिपलेलं आहे. सालेकसा ते बोरतलाव या टप्प्यात तशाच वाटा हव्यात, आणि त्या आराखड्यातच हव्यात. रूळ टाकून झाल्यावर टेकडी पुन्हा कापता येत नाही. कुठून कोणतं जनावर उतरतं, कोणत्या नाल्याला कधी पाणी असतं, हे दरेकसा, धनेगावच्या तेंदू तोडणाऱ्यांना आणि वनरक्षकांना पाठ आहे. मोजणीचे खुंट ठोकण्याआधी त्यांना विचारायला एक उन्हाळा पुरेसा आहे.